बोरखेड्याचा इसावा

इंदिराबाई गाठोडं कधी खाली ठेवत नसत.

हे माझ्या लक्षात आलं ते धुळ्याच्या बाहेर, रस्त्याकडेच्या पहिल्या कडुनिंबाखाली. आम्ही बसलो. मी माझी पिशवी झाडाच्या मुळाशी टाकली. त्यांनी गाठोडं डोक्यावरून उतरवलं आणि मांडीवर घेतलं. पाणी प्यायल्या तेव्हा एक हात तांब्याला आणि एक गाठोड्यावर.

"द्या अक्का, इथं ठेवतो."

"राहू दे."

"मुंग्या नाहीत."

"राहू दे म्हटलं ना रे."

समोरून मालट्रक जात होते. प्रत्येक ट्रक गेला की झाडाची पानं हलायची आणि पुन्हा थांबायची.

आमच्या गल्लीत त्यांना सगळे अक्का म्हणत. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून त्यांचं आयुष्य गेलं होतं. निवृत्त झाल्यावर त्या आमच्या घराला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत राहायला आल्या. नवरा आधीच गेलेला. आमच्यात भिंत एकच. त्यांची पहाटेची प्रार्थना मला ऐकू यायची, माझा रेडिओ त्यांना.

"तुझी ती बाई फार रडते रे," त्या म्हणायच्या. "गाण्यातली. तिला जरा जेवायला घाल."

मला टायफॉईड झाला तेव्हा त्यांनीच मला पेज भरवली. "गिळ मेल्या, गिळ," असं म्हणत. मी बरा झालो. तेव्हापासून मी त्यांचा झालो, असं आई म्हणते.

त्यांचं माहेर एरंडोलजवळचं बोरखेडं. दरवर्षी नाताळ झाला, नवं वर्ष लागलं, की त्या माहेरी निघायच्या. धुळ्याहून एरंडोलची गाडी सकाळी धरली की माणूस दुपारच्या जेवणाला पोहोचतं. अक्कांना जवळजवळ आठवडा लागायचा. त्या चालत जायच्या. वाटेत बैलगाडी भेटली तर बसायच्या, नाही भेटली तर नाही. कुठं विहीर दिसली की थांबायच्या. ओळखीचं घर लागलं की मुक्काम. मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, ह्यावर विनोद चालायचे.

"अक्का निघाल्या का? म्हणजे ईस्टरला पोहोचतील."

"पोहोचेन की," अक्का म्हणायच्या. "तुम्ही तोवर उठून बसा म्हणजे झालं."

एकोणनव्वदच्या जानेवारीच्या अखेरीस मी त्यांच्याबरोबर गेलो. त्यांचा गुडघा सुजला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं की पुढच्या वर्षी हे चालणं बंद. अक्कांनी ऐकून घेतलं आणि ह्या वर्षीची तयारी सुरू केली. मी मराठी घेऊन एम.ए. झालो होतो आणि घरी बसलो होतो. आई म्हणाली, "जा त्यांच्यासोबत. इथं बसून तरी काय करतोस?"

पण मी गेलो ते त्याच्यासाठी नाही. मला एक गोष्ट बघायची होती.

मी ख्रिस्ती नाही. तरी रविवारी अक्कांच्या शेजारी जाऊन बसायचो. आधी गाण्यांसाठी. पेटी आणि तबल्यावर म्हटलेली ती भजनं मला आवडायची. मग सवय झाली. उपासनेत सगळे उभे राहून प्रभूची प्रार्थना म्हणत. अक्का खणखणीत आवाजात म्हणत. आणि मग ती ओळ यायची, तुझी इच्छा पूर्ण होवो अशा अर्थाची. तिथं अक्कांचा आवाज बंद व्हायचा. ओठ मिटलेले. ओळ निघून गेली की पुढच्या ओळीपासून आवाज पुन्हा सुरू.

आधी मला वाटलं, त्यांना ठसका लागला असेल. मग दर रविवारी तेच.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं. भाकरीच्या तुकड्यांची थाळी ओळीतून फिरायची. अक्का थाळी घ्यायच्या आणि तशीच पुढच्या बाईच्या हातात द्यायच्या.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचा मुलगा शांतवन. एकुलता एक. सुरतेला साड्यांच्या कारखान्यात कामाला होता. कावीळ झाली आणि गेला. तेव्हापासून ती ओळ त्यांच्या तोंडातून निघत नव्हती.

मंडळीचे पाळकसाहेब तरुण होते, मनाने चांगले होते. ते एकदा म्हणाले, "अक्का, ओळ म्हणता आली नाही तरी भाकर घ्या. प्रभू समजून घेतो."

"तो घेईल हो समजून," अक्का म्हणाल्या. "पण मी पंगतीला बसणार आणि वाढणाऱ्याशी अबोला धरणार, हे बरं दिसतं का?"

"मग किती दिवस असं?"

"माहेरी जाऊन येते. आल्यावर सांगते."

"दरवर्षी हेच सांगता."

"दरवर्षी जाते की नाही?"

आता पुढच्या वर्षी जाणं नव्हतं. ह्या खेपेला ती ओळ निघाली तर निघाली. हे त्यांना कळत होतं आणि मलाही.

आम्ही निघालो त्या सकाळी पाळकसाहेब स्कूटरवरून मागून आले. आमच्यापाशी थांबले.

"सलाम अक्का. बसा मागे. मी पारोळ्यालाच चाललोय. तासाभरात सोडतो."

"सलाम साहेब. आणि मग उरलेला दिवस मी काय करू?"

पाळकसाहेब हसले. माझ्याकडे बघून म्हणाले, "सांभाळ रे. त्यांनाही आणि स्वतःलाही." स्कूटर गेली. तिचा आवाज बराच वेळ येत राहिला.

शहर मागे पडलं आणि एक गंमत झाली. अक्कांची भाषा बदलली. गल्लीत त्या दवाखान्यातलं मराठी बोलायच्या, चार माणसांत शोभेल असं. आता वाटेत बकऱ्या घेऊन जाणाऱ्या बाईला त्या म्हणाल्या, "कथी चालनी वं माय?" कुठं निघालीस, असं. ती बाईही थांबली. बकऱ्याही थांबल्या. दोघी बोलल्या. कोणाचं लग्न, कोणाचं बाळंतपण. मी उभा. मग बाई गेली.

"ओळखीची होती?" मी विचारलं.

"आते व्हयनी ना," अक्का म्हणाल्या. आता झाली की.

त्यांची चालण्याची एक रीत होती. सकाळी निघताना त्या शास्त्रातले, म्हणजे बायबलमधले, दोन-चार शब्द घ्यायच्या. पूर्ण वचन नाही. ते शब्द घेऊन दिवसभर चालायचं. संध्याकाळी मुक्कामाला पोहोचल्यावर बोलायचं. मधे त्यावर चर्चा नाही.

पहिल्या दिवशीचे शब्द होते, "तो झोपला होता." होडीत, वादळात, येशू झोपला होता ती गोष्ट. मी दिवसभर ते शब्द घेऊन चाललो. दोन्ही बाजूंना दादरची शेतं होती. हिवाळ्यातली ती ज्वारी, पुरुषभर उंच, कणसं भरत आलेली. चालता चालता कधी शब्द विसरायचो, कधी पुन्हा आठवायचे.

मुकटीजवळच्या एका घरी आम्ही उतरलो. त्या घरातल्या मुलाच्या जन्माला अक्का हजर होत्या. वाटेवरच्या बहुतेक घरांशी त्यांचं नातं असंच होतं. मुलगा आता मिशा फुटलेला. "सिस्टर, भरीत करू का?" त्याच्या आईने विचारलं. हिरव्या वांग्यांचं भरीत, कळण्याची भाकरी. जेवल्यावर अक्का माझ्याकडे वळल्या.

"हां. काय वाटलं?"

"दमला असेल," मी म्हणालो. मला दुसरं काही सुचलं नव्हतं.

अक्कांना एवढा आनंद झाला की त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "दमलाच होता! सगळे पाळक सांगतात, वादळ थांबवलं, वादळ थांबवलं. अरे, आधी तो झोपला होता ना. देवाला झोप लागते ही केवढी गोष्ट आहे."

मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "तू एवढा शिकलेला. एक काम कर. तो कधी धावला, असं कुठं लिहिलंय का शोध. बसला, चालला, झोपला, जेवला, रडला. धावला असं मला तरी सापडलं नाही."

त्यांनी आपलं शास्त्र माझ्या हातात दिलं. त्याला जुन्या साडीच्या तुकड्याचं कव्हर होतं. पुढच्या मुक्कामांत मी ते चाळत राहिलो.

हे चालणं कसं सुरू झालं तेही त्यांनी त्याच घरी सांगितलं. शांतवन गेला त्याच्या पुढच्या जानेवारीत त्या गाडीने माहेरी निघाल्या होत्या. खिडकीशी जागा मिळाली होती. मुकटीच्या फाट्यापर्यंत त्यांचा जीव गुदमरला. गाडी पळत होती आणि त्यांना सुरतेची गाडी आठवत होती. त्यांनी घंटी वाजवायला लावली आणि उतरल्या. कंडक्टर चिडला. "बाई, तिकीट एरंडोलचं आहे!" त्या चालायला लागल्या. चालता चालता संध्याकाळ झाली.

"प्रार्थना केली नाही," अक्का म्हणाल्या. "भांडले पण नाही. पण शेजारी कोणीतरी चालत होतं रे. तो बोलत नव्हता, मी बोलत नव्हते. नवरा-बायको नसतात का, भांडण झाल्यावर बाजाराला जातात. बोलत नाहीत. पण जातात बरोबर."

तेव्हापासून दर वर्षी.

दुसऱ्या दिवशीचे शब्द होते, "प्रवासाने दमून विहिरीवर बसला." त्या दिवशी अक्का विहिरी शोधत चालल्या. तीन विहिरींवर बसलो. तिसऱ्या विहिरीवर मोट नव्हती, इंजिन होतं, आणि इंजिनवाला आम्हाला हाकलायला आला. अक्कांनी त्याला त्याच्या बापाचं नाव विचारलं. तो गप्पा मारत बसून राहिला. निघताना त्याने हरभऱ्याची उपटलेली झाडं हातात दिली. आम्ही घाटे सोलत चाललो.

"दमला नसता तर बसला नसता," अक्का म्हणाल्या. "बसला नसता तर ती पाण्याला आलेली बाई भेटली नसती. बघ आता. केवढं काम दमण्यातून झालं."

ह्या सगळ्या वेळात गाठोडं मांडीवर होतं. विहिरीवर मांडीवर. जेवताना मांडीवर. झोपताना उशाला नाही, कुशीत.

पारोळ्याच्या पुढे आम्हाला खाजाभाई भेटले. ते पिंजारी. गाद्या-उशांचा कापूस पिंजायला गावोगाव जायचे. बैलगाडीत पिंजण, वर कापसाचं मोठं बाचकं. अक्कांना ते ओळखत होते. त्यांच्या मुलीचा, रईसाचा, जन्म अक्कांच्याच हातचा.

"सलाम आपा! फिर पैदल? आओ, बैठो. बैल को भी सवाब मिलने दो."

बैलाला पुण्य लागणार होतं, पण गाडी चालण्यापेक्षाही हळू चालत होती. बैल म्हातारा होता. अक्का कापसाच्या बाचक्याला टेकून बसल्या. त्यांचा गुडघा बघून खाजाभाईंनी मूठभर कापूस काढून त्याखाली सरकवला.

"आपा, ते गठुडं ठेवा ना खाली. कापूस आहे, मऊ आहे. सोनं आहे का आत?"

"सोनंच शे."

खाजाभाई हसले. मग त्यांनी अक्कांना ती गोष्ट सांगायला लावली. ती ह्या वाटेवर प्रसिद्ध असावी. "वो इसावे वाली सुनाओ. ह्या पोराने ऐकली नसेल."

अक्कांनी सांगितली. त्या लहान होत्या. बोरखेड्यात मिशनची गोरी मिस आली होती. वडिलांना आणि चार माणसांना चिंचेखाली बसवून ती शास्त्र वाचत होती. वाचता वाचता ती म्हणाली, प्रभू सांगतो, दमलेल्यांनो, माझ्याकडे या, मी तुम्हाला विसावा देईन.

"मी जी उठले आणि पळाले," अक्का म्हणाल्या. "घरात जाऊन कणगीमागे लपले. रडून रडून गोंधळ. आमच्या गावात विसावा म्हणजे काय? इसावा! तिरडी नेताना अर्ध्या वाटेवर खाली ठेवतात तो धोंडा. आम्हा पोरांना तिकडे फिरकायची बंदी. मला वाटलं, हा देव म्हणतो, या, तुम्हाला एकेकाला इसाव्यावर ठेवतो!"

खाजाभाई खो खो हसले. बैलही थांबला. "या अल्ला! पहिल्याच दिवशी पोरीला घाबरवलं तुमच्या देवाने."

"मिसला काही कळेना. ती विचारते, हिला काय झालं? माझा बाप सांगतो, पोटात दुखतंय."

मीही हसलो. अक्का सुद्धा. मंडळीच्या मेळाव्यातही त्या ही गोष्ट सांगायच्या आणि लोक असेच हसायचे.

"मग नंतर गेली का भीती?" मी विचारलं.

"शब्दाची गेली. धोंड्याची नाही. अजून मी त्या वाटेने जात नाही. फाट्यावरून शेताच्या बांधाने घुसते गावात."

गाडी चालू झाली. मग खाजाभाईंनी मागे न बघता, हलक्या आवाजात विचारलं, "आपा, खरंच काय आहे गठुड्यात?"

अक्कांनी बांधावरच्या बाभळींकडे बघत सांगितलं. आत शांतवनचा कोट होता. खाकी, कारखान्यातला. तार आली तेव्हा त्या दवाखान्यातून तशाच निघाल्या होत्या. सुरतेच्या गाडीत जागा नव्हती, उभ्या राहिल्या. सगळ्या वाटेने एकच प्रार्थना, देवा, गाडी लवकर ने. देवाने गाडी वेळेवर नेली. पण शांतवनला आदल्या दिवशीच मूठमाती दिली होती. थांबता येण्यासारखं नव्हतं. त्यात कोणाची चूक नव्हती. माती अजून ओली होती.

"त्याच्या दोस्ताला मी विचारलं, खांदा कोणी दिला रे? तो म्हणाला, मावशी, टेम्पोतून नेला. कबरस्तान लांब होतं."

अक्कांनी गाठोड्यावरून हात फिरवला.

"कोणीच खांदा दिला नाही माझ्या पोराला. म्हणून मी देते."

खाजाभाईंनी बैलाला हाकारलं नाही. बैल आपला आपण चालत होता. त्यांचा फाटा आला तेव्हा त्यांनी अक्कांना हात धरून उतरवलं. म्हणाले, "दुआ में याद रखना आपा." आणि थोडा कापूस त्यांच्या पदरात बांधून दिला. गुडघ्यासाठी.

बोरखेड्याच्या फाट्यावर अक्कांचे चुलतभाऊ सुपडूआबा वाट बघत उभे होते. गावात कोणीतरी सायकलवरून निरोप पोहोचवला होता. साठीचा माणूस, डोक्याला मळकं फडकं, तोंडात विझलेली बिडी. अक्कांचे वडील ख्रिस्ती झाले, आबांच्या वडिलांनी घरची देवी सोडली नाही. दोन्ही घरांचं जेवणखाण एकत्रच राहिलं.

"उनी का वं अक्का? माले वाटनं, यंदा विमानतून येस काय!"

"तू मेल्या अजून जिता शेस?"

"तुनी वाट देखी राहिंतू. मंग मरसू."

दोघं हसली. मग अक्का नेहमीच्या बांधाकडे वळल्या आणि थांबल्या. बांध नव्हता. तिथं बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं. शेत कोणा दुसऱ्याने घेतलं होतं, आत बोअर मारला होता, नवी केळी लावली होती. वाट बंद.

"आते रस्तावरथीनच चाल," आबा म्हणाले.

अक्का जागच्या हलल्या नाहीत. मी पाहिलं, त्यांनी गाठोडं डोक्यावरून काढून छातीशी धरलं. पण दुसरी वाट नव्हती. आम्ही रस्त्याने निघालो.

अर्ध्या वाटेवर चिंचेचं झाड होतं. त्याखाली काळा, सपाट, लांबट धोंडा. कडेला चार-दोन खडे रचलेले. कोणी सांगायची गरज नव्हती. अक्का रस्त्याच्या पलीकडच्या कडेने चालू लागल्या, नजर खाली घालून.

आणि सुपडूआबा त्या धोंड्यावर जाऊन बसले. आरामात. बिडी पेटवली.

अक्कांचा आवाज चढला. "सुपडू! ऊठ तठून!"

"काबं?"

"इसावा शे तो!"

"मंग? इसावा शे म्हनीसनच बठनू. मना पाय भरी उनात."

"मडं ठेवतस तठे, अक्कल नही का तुले?"

आबांनी धूर सोडला. वादाला त्यांच्याकडे वेळच वेळ होता. "मडं ठेवतस. मान्य. पन इसावा कोनासाठे शे? मडासाठे? मडं थकस का वं अक्का? मडं नही थकत. खांदेकरी थकतस. त्यास्ना साठे शे हाऊ धोंडा."

एवढं बोलून ते बिडीकडे बघू लागले. पुन्हा विझली होती.

अक्का रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. मी त्यांच्या मागे होतो, मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. पाठ दिसत होती. छातीशी धरलेल्या गाठोड्यामुळे ती थोडी मागे झुकलेली. मला वाटलं, त्या आता आबांना आणखी काही बोलतील. मागून एक सायकलवाला आला, त्याने घंटी वाजवली, आणि वळसा घालून गेला.

मग अक्का धोंड्याकडे चालत गेल्या. आबा एका टोकाला सरकले. अक्का बसल्या नाहीत. त्या वाकल्या, सुजलेला गुडघा न दुमडता, जमेल तशा. आणि त्यांनी गाठोडं धोंड्यावर ठेवलं.

दोन्ही हातांनी ठेवलं. हळू. झोपलेलं मूल खाली ठेवावं तसं, खालचा हात सगळ्यात शेवटी काढून.

आबांना काही ठाऊक नव्हतं. पण ते उठून उभे राहिले आणि डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं.

अक्का गाठोड्याच्या शेजारी बसल्या. डोळे मिटले नाहीत. समोर कापसाचं शेत होतं, वेचणी झालेलं, काळ्या पळाट्यांवर कुठं कुठं पांढरं राहिलेलं. त्या तिकडे बघत होत्या आणि प्रार्थना म्हणू लागल्या. मंडळीतली नाही. तीच, पण ह्या भाषेत मी ती कधी ऐकली नव्हती. आमना बाप, तू वर शेस. अशी. घरात बोलतात तशी, आवाज न चढवता. ती ओळ आली.

अक्का थांबल्या.

चिंचेवर काहीतरी फडफडलं. आबांनी फडकं ह्या हातातून त्या हातात घेतलं.

"तुनी मरजी व्हवू दे," अक्का म्हणाल्या.

मग त्या रडल्या. बराच वेळ. मी पुस्तकांतून पुष्कळ रडणं वाचलं होतं. हे वेगळं होतं. लांबचं चालून आलेला माणूस घरात शिरून उंबऱ्यावर बसतो आणि मोठा सुस्कारा टाकतो ना, तसं ते होतं. मी कुठं बघावं हे मला कळेना. मी धोंड्याकडे बघत राहिलो.

शेवटी आबा खाकरले. "चाल वं अक्का. दुपार व्हयनी. मंजुळानी भाकरी करी ठेवेल शेतस." त्यांनी गाठोड्याला हात घातला. "दे, आते मी लेस. इसावापुढे खांदा बदलतस."

ते सहज बोलले. तशी रीतच आहे. विसाव्याला पुढचे मागे होतात, दुसरे खांदा देतात. पण मी अक्कांकडे बघितलं. आता त्या ओढून घेतील, असं मला वाटलं.

"ले," अक्का म्हणाल्या. घे.

आबांनी गाठोडं खांद्यावर टाकलं आणि पुढे चालू लागले, बिडीला काडी लावत. आम्ही मागून. अक्कांना हातांचं काय करावं हे कळत नव्हतं. त्यांनी ते पदरात घेतले, मागे बांधले, पुन्हा पुढे आणले. मग माझा हात धरला. गावापर्यंत धरून ठेवला.

माहेरी त्या एरवी महिनाभर राहायच्या. ह्या खेपेला तिसऱ्याच दिवशी पहाटे त्यांनी मला हलवून उठवलं.

"आज वार कोणता?"

"शनिवार."

"उद्या महिन्याचा पहिला रविवार. ऊठ. धुळ्याला जायचंय."

"चालत?" मी घाबरून विचारलं.

"वेडा आहेस का? गाडीने."

कोट आबांच्या घरी राहिला. अक्का म्हणाल्या, थंडीचा घालत जा शेतात. आबांनी तो तिथल्या तिथं अंगात घातला. बाह्या आखूड झाल्या. त्यांच्या पत्नी मंजुळाबाई म्हणाल्या, फौजदार दिसतस. आबा तो घालूनच आम्हाला पोहोचवायला फाट्यावर आले.

फाटा अजून थोडा पुढे होता आणि गाडी दिसली. एरंडोलकडून येत होती. आबांनी लांबूनच दोन्ही हात वर केले. मी अक्कांकडे वळलो, सांगायला, की जाऊ द्या, दुसरी येईल.

अक्का माझ्या शेजारी नव्हत्या.

त्या धावत होत्या. सुजलेला गुडघा, एका हातात नेसूचा काठ वर धरलेला, दुसरा हात गाडीकडे. "थांब रे! ए भाऊ! थांब!" मला त्यांच्या मागे पळावं लागलं. गाडीतली माणसं खिडक्यांतून हसत होती. कंडक्टरने त्यांना हात देऊन वर घेतलं.

"आजी, एवढी काय घाई?"

अक्कांना दम लागला होता. त्यांनी नुसता हात हलवला. सीटवर बसल्यावर त्या खिडकीबाहेर मान काढून खाकी कोटातल्या आबांकडे बघत राहिल्या, ते दिसेनासे होईपर्यंत. ज्या वाटेने आम्ही कितीतरी दिवस चालत आलो होतो ती वाट भराभर मागे जात होती. खाजाभाईंचा फाटा, इंजिनवाल्याची विहीर. अक्का प्रत्येक जागेला हात करत होत्या.

"सापडलं का तुला?" त्यांनी एकदम विचारलं. "तो धावला असं?"

"तो नाही धावत कुठं," मी म्हणालो. "पण त्याने सांगितलेल्या एका गोष्टीत एक जण धावतो. घर सोडून गेलेला मुलगा परत येतो, लांबूनच दिसतो. तेव्हा बाप धावत जातो."

अक्कांनी मान हलवली. त्यांना ती गोष्ट पाठ होती. थोड्या वेळाने त्यांना झोप लागली. गाडी खड्ड्यांतून उसळत होती, लोक आरडाओरडा करत होते, आणि त्या झोपल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी थाळी आली तेव्हा मी त्यांच्या शेजारी होतो. त्यांनी थाळी घेतली. एक तुकडा उचलला. उजव्या तळहातावर ठेवला आणि डावा हात त्याच्याखाली धरला. थाळी त्यांच्या मांडीवरच राहिली. पलीकडच्या बाईने हळूच कोपराने ढोसलं.

"अक्का, पुढे द्या ना. आम्ही पण आहोत."

"देते गं," अक्का म्हणाल्या. "जरा दम धर."